तळ्याकाठचं वळण

“अपघाताला एक ओळ पुरे,” सचिवांनी कच्चा मजकूर तिच्यापुढे सरकवला. “राजभवनाचा इतिहास लिहायचाय, पोलिसांचा पंचनामा नाही. चालक दारू प्यायला होता, गाडी तळ्यात गेली, राज्यपालांचा मुलगा बुडाला. संपलं.”

“मुलाची आई, बाईसाहेब, अजून हयात आहेत,” ती म्हणाली. “एकदा त्यांना भेटून येते.”

“या. पण छपाई थांबणार नाही.”

तिनं मान हलवली. तो चालक म्हणजे आपले वडील, हे तिनं कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतरचं आडनाव अशा वेळी कामी येतं.

बाकीचं पुस्तक तिनं मनापासून लिहिलं होतं. आधी एका व्यापाऱ्याचा बंगला, मग युद्धातल्या जखमींचं इस्पितळ, मग राज्यपालांचं घर. मेजवानीच्या दालनात एके काळी खाटा होत्या. पूर्वेकडच्या खोल्यांची ओल कुणालाच हटवता आली नाही. लेखणी अडली ती तळ्यापाशी. अपघातानंतर ते बुजवलं. आता तिथे हिरवळ आहे आणि पाहुणे चहाचे कप घेऊन तिच्यावर उभे राहतात.

वडील तुरुंगात गेले तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. मामानं तिला आणि आईला सांभाळलं. वडील सुटून आले, एका गोदामावर राखणदार झाले, आणि गल्लीनं त्यांचं नाव ‘झिंगारे’ ठेवलं. त्या माणसाला दारूच्या थेंबाला शिवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. विचारलं की ते म्हणत, “तेव्हा पीत होतो. आता सोडली.” आईनं हे कधीच मानलं नाही. झुरत झुरत गेली बिचारी.

बाईसाहेब एका लहान फ्लॅटमध्ये राहत होत्या. नर्सनं तिला खुर्ची दिली. म्हातारीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“घरी कोण कोण असतं?”

“मी, नवरा, मुलगी. आणि वडील.”

“वडील बरे आहेत?”

“हो. गुडघे दुखतात, पण हिंडतात-फिरतात.”

“बरे आहेत ना?” त्यांनी पुन्हा विचारलं.

म्हातारपणात माणूस एकच गोष्ट दोनदा विचारतो. तिनं पुन्हा ‘हो’ म्हटलं आणि तळ्याचा विषय काढला.

बाईसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. “त्या दिवसाबद्दल तुला कुणी काही सांगितलंय?”

“कुणीच नाही. म्हणून तर आले.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोर नुसती दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

“मग लिहून घे. गाडी माझा मुलगा चालवत होता. चौदा वर्षांचा होता, कुणाचं ऐकायचा नाही. चालक शेजारी बसून नको नको म्हणत होता. साहेबांची अब्रू जाऊ नये म्हणून त्यानं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.”

तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती कागदात डोकं घालून बसली. “हे छापलं तर चालेल?”

“छाप. साहेब गेले, पोर गेलं. मेलेल्यांचं आता काय बिघडतं? जिवंत माणसाला झोप लागली पाहिजे.”

निघताना त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. “मुलीला जप हं,” म्हणाल्या.

सचिवांनी कुरकुर केली, पण खुद्द आईच सांगतेय म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. पान बदललं.

संध्याकाळी ती घरी आली ती धावतच. वडील ओट्यापाशी भाजी निवडत होते. तिनं तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. “बाबा, आता गल्लीत ताठ मानेनं चाला. उद्या पुस्तक छापायला जातंय.”

वडिलांनी भाजी बाजूला ठेवली. चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता.

“ते पान काढ.”

“का म्हणून?”

“मी प्यायलो होतो. आधी लिहिलं होतं तेच राहू दे.”

“बाबा, पुरे झालं! कोर्टाच्या कागदात तुमची तपासणी केल्याची नोंद नाही. तुम्ही म्हणालात आणि सगळ्यांनी मान डोलावली. आई तळमळत गेली. मला शाळेत पोरं काय काय म्हणायची, ठाऊक आहे तुम्हाला? आता खरं बाहेर आलंय तर तुम्हीच त्याच्यावर माती टाकताय?”

“मेलेल्या पोरावर आळ नको.”

“आळ कसला? त्याची सख्खी आई सांगतेय! कुठली आई आपल्या लेकराबद्दल असं खोटं बोलेल?”

वडील खुर्ची ओढून बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

“त्यांनी तुला ओळखलं.”

“मला? मला कशाला ओळखतील त्या?”

“अपघातानंतर इस्पितळात मी त्यांच्या पाया पडलो होतो. फक्त त्यांनाच खरं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, हे तुझ्यामाझ्यात राहू दे, तिसऱ्याच्या कानावर जायचं नाही. तुझ्या आईच्याही नाही. एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलल्या नाहीत. आणि आज स्वतःच्या पोराचं नाव पुढे केलं.” ते थांबले. “तो मागच्या सीटवर होता गं. गाडी धुवून शेडमध्ये लावायची होती. छोटीलाही चक्कर मारून आणू, असं तोच म्हणाला. वळणापर्यंत हसत होता.”

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“तू माझ्या मांडीवर होतीस,” वडील म्हणाले. “स्टिअरिंग मला दे म्हणालीस. मी दिलं.”