मधेच बसलेलं प्रोटीन

माझी नात दामिनी फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन करते. सुट्टीत भिलाईला आली की मी तिला समोर बसवते. "शिकलेल्यायले कोणीबी सांगते, मले सांगून दाखव!"

काल ती म्हणाली, "आजी, जीनकडून पेशीले निरोप निघते, वाढ थांबवा म्हणून. तो निरोप म्हणजे आरएनए. पण वाटेत मधातच एक प्रोटीन त्याले धरून बसते. निरोप पोचत नाही, अन् गाठ वाढत राहते."

"मोठं नालायक आहे तुझं प्रोटीन!"

"नालायक नाही आजी. निरोप सांभाळणं त्याचं कामच आहे. किती वेळ धरून ठेवाचा, तेवढं चुकते."

तिची आई, माझी सून रीना, भाजी निवडता निवडता म्हणाली, "आपल्याले बी त्या दवाखान्यानं वेळेवर कळवलं असतं, तर हिचे बाबा आज असते."

माझा प्रफुल्ल गेल्यापासून सहा वर्षं ती हेच म्हणते, आणि सहा वर्षं मी त्या दवाखान्याला तिच्याहून मोठ्या शिव्या घालते.

काल शिवी तोंडातून निघाली नाही. प्रफुल्लच्या छातीचा फोटो बरोबर नाही, त्याला उद्याच घेऊन या, असा तेव्हा दवाखान्यातून फोन आला होता. मीच उचलला होता. घरात थोरल्या नातीला हळद लागलेली. लग्न होऊ दे, मग सांगू, म्हटलं. मग सत्यनारायण होऊ दे. मग पोरीचं पहिलं माहेरपण.

"आई, कावून गप झाल्या?" रीनाने विचारलं.

"काही नाही वं," मी म्हटलं, "चाय ठेव."