सव्वादोनची बांगडी

शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं अशा संधिवातावर डॉ. विमल गावंडे १९५८ साली अकोल्यात संशोधन करत होत्या. हाताची सूज मोजायला त्यांनी कासाराकडून काचेच्या बांगड्याच आणल्या होत्या. लहान मापाची बांगडी हातात गेली, की नवं औषध लागू पडलं.

तेल्हाऱ्याच्या केशरबाईंनी पहिल्याच दिवशी हात मागं घेतला. "मले नोका घालू, बाई. मालक जाऊन लय वर्सं झाले."

"निस्तं माप आहे, मावशी. लगेच काढू."

पंधरा दिवस इंजेक्शनं झाली आणि सगळ्यात लहान, सव्वादोनची हिरवी बांगडी अलगद आत गेली. डॉक्टर हरखल्या. "उतरली सूज! काढा आता."

केशरबाईंनी उगाच ओढल्यासारखं केलं. "निंगूनच नाई राहिली. सूज हाये वाटते अजून."

बांगडी तर मनगटावर सैल खेळत होती. नर्स हसत काढायला पुढं झाली.

मापात जराही चूक खपवून न घेणाऱ्या डॉक्टरांनी केशरबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"राहू द्या, सिस्टर. सूज आहे अजून."