इंदिराबाईंची कात्री

डॉक्टरनं पिल्लू टेबलावर उलटंसुलटं करून पाहिलं, हात धुतले आणि म्हणाला, "इसे कोई बीमारी नहीं है, दीदी."

लतिकाला ते पटेना. तीन आठवड्यांचं मांजराचं पिल्लू आणि अंगावर एक केस नाही. नुसतं गुलाबी कातडं, तेही सुरकुतलेलं. त्याची दोन भावंडं चांगली काळीपांढरी, मऊमऊ, हे मात्र असं. घरी, चेरीताल मोहल्ल्यात, शेजारच्या बेबीताईनं खरूज म्हणून जाहीर केलं आणि लांब नेऊन सोडा म्हणून सांगितलं. लतिकानं ऐकलं नाही. पिल्लू टोपलीत घातलं, बाबांना सोबत घेतलं आणि रिक्षा करून शहरातल्याच गोरखपूर भागात जनावरांच्या डॉक्टरकडे आली. आता एकोणचाळीस वर्षांची ही बाई मांजरासाठी एवढी का धावली म्हणाल, तर तिच्या डोक्याला बांधलेल्या स्कार्फखालीही जन्मापासून एक केस नाही. भुवया ती पेन्सिलनं काढते.

डॉक्टर मोकळा होता, त्यानं समजावून सांगितलं. पन्नासेक वर्षांमागं कॅनडात एका साध्या घरगुती मांजरीला असंच बिनकेसाचं पिल्लू झालं. लोकांनी पुढं त्यांची जातच तयार केली, स्फिंक्स म्हणतात, परदेशात मिरवतात. आईबाप दोघंही केसाळ असतात. पण दोघांच्याही रक्तात ते लपून बसलेलं असतं आणि दोघांकडून आलं, तरच पिल्लू असं निघतं.

"और इंसानों में?" लतिकानं विचारलं.

डॉक्टरनं तिच्या स्कार्फकडे पाहिलं, मग टोपलीकडे. काही माणसांतही असंच होतं, म्हणाला. मग हळूच म्हणाला, "माँ की गलती से नहीं होता, दीदी."

शालिग्राम, म्हणजे लतिकाचे बाबा, बाकावर बसले होते. फॅक्टरीत पस्तीस वर्षं घालवलेला माणूस, कानानं जरा कमी. पण हे त्यांना ऐकू आलं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा लतिकाच्या आईला, इंदिराबाईंना, पाचवा महिना होता. पोटुशी बाईनं ग्रहणात चिरू नये, कापू नये, गपगुमान पडून राहावं, हे कोणाला ठाऊक नाही? पोर झाली ती अशी. वर्ष झालं तरी जावळ काढायचा प्रश्नच नाही, काढणार काय? मग सासूनं एक दिवस सुनेला समोर बसवलं आणि विचारलं, ग्रहणात काय केलं होतंस? इंदिराबाई म्हणाल्या, ब्लाउज बेतला होता. झालं! त्या दिवसापासून घरात, गल्लीत, नात्यात एकच गोष्ट. अर्ध्या चेरीतालचे ब्लाउज शिवणारी ती बाई, तिनं पुन्हा कात्री हातात घेतली नाही. मशीनवर चादर पडली ती कायमची.

लतिका हीच गोष्ट ऐकत मोठी झाली. शाळेत पोरी स्कार्फ ओढायच्या, तेव्हा तिला आईची कात्री दिसायची. चार स्थळं आली, चहापोहे खाऊन गेली, तेव्हाही कात्रीच. दर रविवारी आई वाटीत खोबरेल तेल कोमट करून तिच्या डोक्याला चोळायची, वेडी आशा दुसरं काय. चौथं स्थळ गेलं त्या रविवारी लतिकानं तिचा हात झटकला आणि तोंडावर म्हणाली, दोन तास हात आवरले असते तर काय बिघडलं असतं तुझं? इंदिराबाई वाटी घेऊन आत गेल्या. पुढं तेरा वर्षं, मरेपर्यंत, लतिकानं त्यांना डोक्याला हात लावू दिला नाही. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध होतं आणि लतिकानं आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, मी ऑफिसला जाणार.

घरी आल्यावर तिनं पिल्लू मांजरीजवळ ठेवलं. मांजरीनं घर मांडलं होतं ते त्याच मशीनखाली. तिनं पिल्लाला जवळ ओढलं आणि चाटायला लागली, बाकीच्या दोघांना चाटते तसंच. लतिका तिथंच फरशीवर बसली. बराच वेळ रडली.

"उद्या मी थांबते, बाबा," ती म्हणाली. "आईला पान मी वाढते. तिनं ब्लाउज बेतला म्हणून काही झालं नव्हतं. अन् मी उगाच..."

"बेतलाच नव्हता," शालिग्राम म्हणाले.

लतिकानं वर पाहिलं.

"कात्री घरात होतीच कुठं? धार लावायला मीच नेली होती, दोन दिवसांनी आणली. ग्रहणात इंदिरा माझ्याजवळ पडून होती, पाणीसुद्धा प्यायली नाही."

"मग असं काहून म्हणाली ती?"

शालिग्राम तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून कित्येक वर्षांत ते फरशीवर बसले नव्हते.

"मझौलीला माझ्या मावशीची पोरगी अशीच होती. रक्तातलं आहे म्हटलं, तर तुला सून कोण करणार होतं? इंदिरा म्हणे, दोष कात्रीवर घेतला की गोष्ट माझ्यापाशीच संपते." त्यांनी मशीनच्या पायाला हात लावला. "तुझं लग्न होईस्तोवर बोलायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं मला."