शेळ्यांची खोली

"खोली म्हणायचं नाही. गोठा म्हणायचं," फहादबाबांनी तिसऱ्यांदा बजावलं.

"गोठा," यूनुसने मान डोलावली आणि गोठ्याच्या खिडकीला गुलाबी पडदा लावायला गेला.

सौदीतल्या ताइफच्या वरच्या डोंगरात बाबांची गुलाबाची बाग. ते यूनुसचे कफील, म्हणजे त्याला व्हिसावर आणणारे मालक. यूनुस श्रीवर्धनचा. अकरा वर्षं बाग तोच सांभाळतो, पण झोपतो खताच्या पोत्यांशेजारी. बायकोला, रुमानाला, आणायचं तर खोली हवी. म्हणून बाबांनी बलदियात, म्हणजे तिथल्या पालिकेत, परवानगीचा अर्ज टाकला. आठ महिने कागद काही आला नाही, रुमानाचा व्हिसा मात्र आला. मग काय, आपल्याकडे करतात तेच यूनुसने केलं. आधी भिंती, मागाहून परवानगी.

आणि बुधवारी मोबाइलवर मेसेज! रविवारी बलदियाचा माणूस जागा बघायला येणार. विनापरवाना खोली दिसली की पाडलीच म्हणून समजा. रुमानाचं विमान मंगळवारी.

"गोठ्याला कोण परवानगी मागतो?" बाबा म्हणाले. "रविवारी आत शेळ्या बांध. खलास."

गुरुवारी दुपारी घाटात गाडी तापून बंद पडलेला एक माणूस पायी वर आला. पन्नाशीचा, घामाघूम, काखेत बॅग. बाबांनी कहवा दिला, खजूर पुढे केले, पण नाव-गाव विचारलं नाही. पाहुण्याला तीन दिवस काम विचारायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा शिरस्ता. यूनुसने तोंड उघडलं, तर बाबांनी असे डोळे वटारले की त्याने ते खजुराने बंद केलं.

पाहुण्याला निजवायचं कुठे? अख्ख्या बागेत धड जागा एकच होती.

"माझ्या नव्या पलंगावर परका माणूस?" फोनवर रुमाना कडाडली.

"अगं, रविवारी जाईल तो. मग शेळ्या येतील."

"शेळ्या?"

यूनुसने रेंज गेल्याचं सोंग केलं.

पाहुणा मात्र लाख माणूस. पहाटे गुलाब तोडायला हजर, जेवणाला दोनदा वाढून घेणार. "खोली झकास आहे. वारा काय छान येतो!" तो शनिवारी म्हणाला. यूनुस फुलून गेला आणि दुसऱ्याच क्षणी गडबडला.

"खोली नाही हो, गोठा. उद्या बलदियाचा माणूस आला तर तुम्हीही गोठाच म्हणा."

"गोठा?" पाहुण्याने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "शेख, हा गोठाच, ही तुमची जबान?"

"जबान," बाबा दाढीवर हात ठेवून म्हणाले.

रविवारी सकाळी पलंग बाहेर, शेळ्या आत. दोन तर पाहुण्यानेच कान धरून ओढत नेल्या. एकीने अर्धा पडदा खाल्ला. यूनुसला रडू आलं, पण खोली वाचतेय तर पडदा गेला खड्ड्यात.

दहा वाजले तरी बलदियाचं कुणी आलं नाही. बाबा खुशीत आले. "पाहुणे, तीन दिवस झाले. आता विचारतो, इकडे काय काम काढलंत?"

पाहुण्याने हात धुतले, बॅग उघडली आणि बलदियाचं ओळखपत्र गळ्यात घातलं.



"शुक्रवार-शनिवार आमची सुट्टी. सुट्टीत मी कामाचं बोलत नाही," म्हणत पाहुण्याने एक कागद काढला. राहत्या खोलीची परवानगी. सही-शिक्क्यानिशी. तारीख यूनुसने पहिली वीट ठेवली त्याच्या आदल्या आठवड्यातली. "हा कागद जागा बघून हातात द्यायचा असतो. त्यासाठीच आलो होतो."

"अहो, मग ही खोलीच आहे!" यूनुस उडालाच. "कसली शेळ्यांची! तीन रात्री तुम्ही स्वतः झोपलात की आत!"

पाहुण्याचा चेहरा गंभीर झाला. "या घरचं मीठ खाल्लंय मी. शेखनी जबान दिली आहे. यजमानाला खोटं पाडू?"

यूनुसने बाबांकडे पाहिलं. बाबा दाढी कुरवाळत ढग शोधत होते. आभाळ निरभ्र होतं.

पाहुण्याने परवानगीवर आडवी रेघ मारली आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं: "जागेवर गोठा आढळला. शेळ्या सात. माणसांनी राहू नये."