नव्या दिव्याखाली

वेल्डरने घरातल्या प्रवाळांच्या टाकीसाठी सगळ्यात प्रखर दिवा निवडला, पूर्ण जोरात लावला आणि तासाभरात समुद्रफुलाने, दगडाला चिकटून राहणाऱ्या त्या फुलासारख्या जिवाने, दगडावरची पकड सोडली. ते काचेवरून सरकत पंपाच्या फिरत्या पात्याकडे निघालं. "अहो, उजेड सोसत नाहीये त्याला. पात्यात सापडलं तर चिंधड्या होतील," बायको म्हणाली. "प्रवाळांना भरपूर उजेड लागतो. होईल सवय." "तुमचे डोळे ठिणग्यांना सरावलेत. सगळ्यांना त्याच मापाने मोजू नका. पंप बंद करू?" "किती वेळ ठेवशील? मासे गुदमरतील. थांबेल गं ते." "आपला पोरगा घर सोडायला बॅग भरत होता, तेव्हाही 'थांबेल' म्हणालात. स्वतःचा आवाज काही कमी केला नाहीत." वेल्डरने दिव्याचं बटण फिरवलं. उजेड मावळला आणि पात्यापासून बोटभर अंतरावर समुद्रफूल थांबलं. दगडाकडे मात्र परतलं नाही. "आता गं?" त्याने विचारलं. "दिवा कमीच ठेवायचा," ती म्हणाली, "आणि वाट बघायची."