पहिलं गिऱ्हाईक

मोबाइलवर शून्याच्या जागी आकडा उमटला, तेव्हा तिचे हात भांड्यांच्या फेसात होते. तिने ते तसेच गाऊनला पुसले. पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आकडा तिथंच होता. कुणीतरी तिच्या लिंकवरून खरेदी केली होती.

काम तसं साधं होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात वापरलेल्या वस्तूंविषयी ती आपल्या पानावर खरंखुरं लिहायची. झाकण सैल असेल तर सैल, दांडा तापत असेल तर तापतो. खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी दुकानात शिरलं आणि काहीही घेतलं, की थोडं कमिशन तिचं. पानाची जाहिरात करायला दर महिन्याला घरखर्चातून चिमूटभर पैसे निघायचे. त्या चिमटीत जेवढी माणसं यायची तेवढी येत, बघत आणि निघून जात.

सुरू करताना तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, “कर.”

एवढंच. हल्ली त्याचं बोलणं असंच झालं होतं. आटलेल्या आडात पोहरा सोडावा, दोर संपावा, आणि वर यावं ते ओंजळभर. पूर्वी हाच माणूस छापखान्यातून यायचा तो दारातूनच गोष्टी सांगत. कुणाच्या लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव कसं छापलं गेलं, मग मालक टेबलाखाली कसा लपला. दोघांच्या हसण्यात जेवण थंड व्हायचं. आता तो जेवायचा, ताट घासून ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिला वाटायचं, पैशाची काळजी. एकट्याच्या खांद्यावर घर. त्यातला थोडा भार आपण उचलला, की माणूस पुन्हा बोलेल. तिला कमिशनचं अप्रूप नव्हतं. तिला दारातून गोष्टी सांगत येणारा माणूस परत हवा होता.

तिने ताईला फोन लावला. ताईने पहिल्यापासून थट्टाच मांडली होती. लिंकवर कोण येणार गं, माशीसुद्धा गूळ बघून बसते, म्हणायची.

“ताई, बसली माशी.”

“खरं सांगतेस? काय घेतलं?”

दुकान वस्तू दाखवायचं, माणूस दाखवायचं नाही. दळणाऱ्या बाईला पीठ दिसावं, जेवणारा दिसू नये, तसं. ती वाचत गेली. एक गादी, एक उशी. एक ताट, एक वाटी, एक पेला. छोटी शेगडी. आणि चहाची गाळणी. हिच्याविषयी तिने सगळ्यांत जास्त जीव लावून लिहिलं होतं.

“सगळं एकेकच?” ताई म्हणाली. “पोरगं असेल कुणाचं तरी. पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं.”

“उशीला अभ्रा नाही घेतला गं.”

“आईला विचारलं नसेल. विचारतात कुठं मेले.”

फोन ठेवल्यावर त्या न पाहिलेल्या पोराची तिला माया आली. कोण कुठला. कुठल्याशा खोलीत एकट्यापुरतं पाणी उकळेल, आणि तिने निवडलेल्या गाळणीतून चहा गाळेल. ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कुणी असेल का. ओट्याशी उभ्या उभ्या तिने त्याला घरभर आशीर्वाद दिले. सुखात राहा रे बाबा. जिथं जाशील तिथं तुझं मन लागो.

नवरा आला तो अजून उजेड असतानाच. चपला काढायलाही तिने त्याला उसंत दिली नाही.

“ऑर्डर आली. पहिली.”

“तुझ्या नावावर लागली ना नीट?”

“लागली की. बघ तर.” तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “कुणीतरी एकटं राहायला चाललंय. उशीचा अभ्रा विसरलाय वेडा. ओळखीचा असता तर आपल्यातला एक काढून दिला असता.”

त्याने मोबाइलकडे पाहिलं नाही. शाईने काळी झालेली नखं एकमेकांवर घासत तो दारातच उभा राहिला. मग बोलला. छापायचा मजकूर खिळा खिळा जुळवावा, तसा सावकाश.

“छापखान्याच्या मागं एक खोली घेतलीये. एका माणसापुरती. उद्या जातो तिकडं.”

ती हसतच होती. हसू चेहऱ्यावरून उतरायला थोडा वेळ लागला.

“पैशाचं काही असेल तर आता मीही…”

“पैशाचं कधीच काही नव्हतं.”

“मग माझं काय चुकलं?”

“तुझं काही नाही गं. माझंच मन इथं लागत नाही. बरेच दिवस झाले.”

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला. पाणी बादलीत पडत राहिलं, बादली भरली, वाहू लागली, तरी कुणी बंद करेना. विचारायच्या किती गोष्टी होत्या. कोण आहे का, कधीपासून, ताईला काय सांगू. त्यातली एकही तिच्या ओठांवर आली नाही. आलं ते भलतंच.

“जायचंच होतं, तर हे सगळं माझ्या लिंकवरून कशाला घेतलंस?”

कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

“रोज बघायचो तुला,” तो म्हणाला. “कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसलेली. ते बघवत नव्हतं गं.”