चंद्रीची घरभरणी

चंद्रीनं तिसऱ्यांदा पाय झाडला आणि रिकामी चरवी नव्या फरशीवरून गडगडत दारापर्यंत गेली.

कुणी हसलं नाही. आकारामनं चरवी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बायकोच्या हातात परत दिली. बनाबाई पुन्हा म्हशीच्या कासेपाशी बसली. रेडकू सोडून झालं होतं. त्यानं चार ढुशा दिल्या, चोखून बघितलं आणि काही मिळेना तसं तेही भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं.

घरभरणीचं बाकी सगळं नीट झालं होतं. उंबऱ्याला हळदकुंकू, चौकटीला आंब्याचे डहाळे, मागच्या सोप्यात नवी चूल. चुलीवर उतू घालायचं दूध मात्र घरच्याच म्हशीचं आणि नव्या घरातच काढलेलं लागे. आधी म्हशीनं घर पत्करायचं, मग माणसांनी, असा त्या कुळीचा रिवाज होता. म्हणून आकारामची आई अंबूबाई सकाळपासून बाहेर कट्ट्यावर बसून होती. दूध निघाल्याशिवाय ती पाऊल आत टाकणार नव्हती, आणि ती आत आल्याशिवाय बाकीच्यांचं राहणं होणार नव्हतं.

भटजींनी सूर्य दारासमोरच्या चिंचेच्या शेंड्यावर येईपर्यंतची वेळ दिली होती. ती हुकली तर पुढं आषाढ, मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. तोवर माळावरच्या छपरात राहायचं. प्लेगाच्या साली पेठ सोडून घातलेलं ते छप्पर आता कुजून गेलं होतं. मागच्या पावसाळ्यात ओलीनं धाकटी शालू खोकून खोकून अर्धी झाली होती. रात्र रात्र तिची छाती भात्यासारखी हलायची. बनाबाईला आणखी एक पावसाळा तिथं काढायचा नव्हता.

जमलेल्या बायका आपापलं सांगत होत्या. एकीला वाटत होतं दृष्ट लागली, दुसरीला जागेचाच संशय. शेजारची धोंडुबाई म्हणाली की दगडाची फरशी गार लागतेय, आजवर म्हशीखाली कुणी फरशी घातली होती का.

घर बांधणारा निसार गवंडी आहेराचा फेटा बांधून कोपऱ्यात उभा होता. त्यानं फेटा उतरवून खांद्यावर टाकला.

"आण्णा, फरशी उपटू काय? पहार हितंच हाय."

आकाराम काही बोलायच्या आत बनाबाई म्हणाली, "फरशीला काय झालंय? ती फरशीकडं बघत न्हाय. माझ्याकडं बघतीया."

खरंच, चंद्री मान वळवून तिच्या पदराला नाक लावत होती, फुसकारत होती आणि तोंड फिरवत होती. पदर माहेरहून आलेल्या कोऱ्या लुगड्याचा. त्याला अजून खळीचा वास होता.

लग्न होऊन आल्यापासून बनाबाई एकच जुनेर नेसून धार काढत आली होती. शेणाचे, दुधाचे, पेंडीचे डाग त्यातून कधीच गेले नव्हते. ते जुनेर छपरात खुंटीला राहिलं होतं. जुनी केरसुणी, फुटकं मडकं, फाटकं धडुतं नव्या घरात न्यायचं नाही, असं अंबूबाईनं आठवडाभर बजावलं होतं, आणि बनाबाईनं ते अगदी शब्दाला धरून पाळलं होतं.

ती उठून बाहेर कट्ट्यापाशी आली. सासूला तिनं काय करायचं ठरवलंय ते सांगितलं.

अंबूबाई भडकली. सवाशीण बाई, घरभरणीच्या दिवशी, फाटकं नेसून? असलं दळिद्र आपण होऊन घरात आणायचं?

"आत्ती," बनाबाई म्हणाली, "तिला माझीच वळख पटंना झालीया. घराची कशी पटंल?"

बनाबाई उत्तराला थांबली नाही. ती माळावर छपराकडं धावत गेली आणि जुनेर नेसून धापा टाकत परत आली. बायकांनी वाट करून दिली.

"घर नवं आणि मालकीण जुनी," धोंडुबाई म्हणाली. तेव्हा मात्र दोघीतिघी हसल्या.

बनाबाई बसली. चंद्रीनं तिचा खांदा हुंगला, मग पाठ, मग पुन्हा खांदा. एक लांब श्वास सोडला आणि कान सैल केले. बनाबाईच्या बोटांखाली सड भरत आले.

पहिली धार चरवीच्या तळावर वाजली. मग दुसरी. हळूहळू आवाज जाड होत गेला आणि फेस वर चढू लागला. आकाराम खांबाला टेकला. निसारनं खांद्यावरचा फेटा काढून पुन्हा डोक्याला गुंडाळायला घेतला.

बाहेर कट्ट्यावर कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. बनाबाईनं म्हशीच्या पोटाखालून दाराकडं बघितलं. सूर्य शेंड्याला टेकत होता आणि अंबूबाई गडबडीनं येत होती. तिचा डावा पाय आधी उंबऱ्याच्या आत पडला.

बनाबाईनं बघितलं. निसारनंही बघितलं आणि तो वर वाशांकडं बघू लागला. बनाबाईनं मान खाली घालून उरलेली धार काढली.

अंबूबाईनं सुनेच्या हातातली भरली चरवी घेतली आणि तिच्या अंगावरच्या जुनेराकडं न बघता ती तडक मागच्या सोप्यात गेली. लाकडं सरकवल्याचा आवाज आला. मग चूल फुंकताना ती खोकली.

"बने, फुकणी कुठं ठेवलीस गं?"

"कोनाड्यात हाय, आत्ती."